वर्डप्रेसचा जमाखर्च : बारा वर्षांच्या वापरानंतर

दर दिवाळीच्या सुमारास होस्टिंगचे, म्हणजे माझा ब्लॉग ज्या सर्व्हरवर ठेवला आहे त्या जागेच्या भाड्याचे, वार्षिक शुल्क भरण्याची आठवण करून देणारी ई-मेल येते आणि घरात ठरलेला प्रश्न विचारला जातो : या ब्लॉगमधून तुला मिळते काय? प्रश्न रास्त आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका दूध संघाच्या हिशेब विभागात नोकरी करते. जाहिरातींतून मला आजवर एक रुपयाही मिळालेला नाही, आणि आमच्या भागातील गडकिल्ल्यांविषयी मी जे लिहिते त्याचे नियमित वाचक एका एसटीत बसतील, वर काही जागा रिकाम्या राहतील. तरीही २०१२ पासून मी हे शुल्क भरत आले आहे, कारण ज्या वर्डप्रेसवर हा ब्लॉग चालतो त्याची परतफेड मला कचेरीतल्या टेबलावर, सासूबाईंच्या औषधांच्या तक्त्यात आणि अपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप गटात मिळत गेली. संकेतस्थळ उभारण्याचे साधन म्हणून वर्डप्रेसची चिकित्सा पुष्कळांनी केली आहे. बारा वर्षांच्या वापराने या साधनाने माझ्या हाताला कोणते वळण लावले आणि ते वळण कुठे उपयोगी पडले, कुठे नडले, एवढ्याच अंगाने हा अभिप्राय लिहिला आहे.

साधनाची ओळख थोडक्यात करून देते. वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध झाली. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ‘बी२’ नावाच्या, पुढे काम थांबलेल्या एका ब्लॉग-प्रणालीवरून ती उभी केली. जीपीएल या, कोणालाही वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा देणाऱ्या परवान्याखाली ती मोफत मिळते, आणि जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे आज तिच्यावर चालतात. ती वापरण्याचे दोन मार्ग आहेत. ऑटोमॅटिक ही कंपनी वर्डप्रेस डॉट कॉम नावाची सेवा २००५ पासून चालवते. तिथे खाते उघडले की लगेच लिहायला सुरुवात करता येते. दुसरा मार्ग म्हणजे प्रणाली स्वतः उतरवून घ्यायची आणि भाड्याच्या सर्व्हरवर बसवायची. मी दुसऱ्या मार्गाने गेले. त्याची मला वर्षाला साधारण चार हजार रुपये आणि दोन-तीन रविवार इतकी किंमत पडते.

सर्वांत आधी लक्षात राहिली ती सारांशाची चौकट. लेखाच्या मुख्य मजकुराखेरीज त्याचा सारांश लिहिण्यासाठी वर्डप्रेसमध्ये वेगळी जागा असते, आणि ती रिकामी ठेवली तर लेखाचे पहिले ५५ शब्द सारांश म्हणून आपोआप उचलले जातात. मला ही चौकट दिसतच नव्हती. परिणामी माझ्या मुखपृष्ठावर एकाखाली एक जे सारांश उभे राहिले होते ते असे : ‘बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण मार्च अखेरीच्या गडबडीत सवड झाली नाही’, ‘मागच्या लेखानंतर मध्ये बराच काळ गेला’, ‘गेल्या रविवारी सकाळी लवकर उठून आम्ही सगळे निघालो’. भुदरगड, सामानगड आणि पारगड या तीन गडांवरचे लेख होते आणि तीनही सारांशांत गडाचा पत्ता नव्हता. स्वतःच्याच सबबी अशा ओळीने मांडलेल्या पाहिल्यावर मला जी शरम वाटली, तिने नंतर कचेरीत मोठे काम केले.

आमच्या कचेरीत मंजुरीसाठी वरिष्ठांकडे जाणारी टिप्पणी लिहिण्याची जी रीत आहे, तीत पहिला परिच्छेद ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ या शब्दांनी सुरू होतो, दुसऱ्यात मागील पत्रव्यवहाराचे जावक क्रमांक येतात, आणि नेमके काय हवे आहे ते दुसऱ्या पानाच्या तळाशी, स्वाक्षरीच्या थोडे वर, सापडते. मी टिप्पणीच्या डोक्यावर पंचावन्न शब्दांच्या आसपासचा एक परिच्छेद लिहू लागले. एका संकलन केंद्रावरील बल्क कूलरचा, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीचा, कॉम्प्रेसर जळाला तेव्हा तो परिच्छेद असा होता : ‘केंद्रावरील कूलरचा कॉम्प्रेसर सोमवारी रात्री जळाला. दुरुस्तीचे आणि नव्याचे अशी दोन दरपत्रके सोबत आहेत. दुरुस्तीला सहा दिवस लागतील, नवा दोन दिवसांत बसेल. तोवर दूध शेजारच्या केंद्रावर वळवले आहे, त्याचा वाहतूक खर्च रोज वाढतो. म्हणून नव्या कॉम्प्रेसरच्या खर्चास गुरुवारपर्यंत मंजुरी मिळावी.’ जावक क्रमांक आणि उपरोक्त विषय त्याखाली यथासांग होतेच. पूर्वी अशी फाइल ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत येत असे. ही त्याच दुपारी सहीनिशी आली. सगळ्याच फाइली अशा सुटतात असा दावा मी करणार नाही, पण ‘चर्चा करावी’ या शेऱ्याचे प्रमाण माझ्या टेबलापुरते निश्चितच घटले आहे.

या सगळ्यात मोठा धडा मात्र प्रतिक्रियांच्या चौकटीतून मिळाला, आणि तो सविस्तर सांगण्यासारखा आहे. रांगणा किल्ल्यावर कोल्हापूरच्या बाजूने जायचे तर पाटगावमार्गे भटवाडी आणि तिथून जंगलातून चिक्केवाडी अशी वाट आहे. माझ्या पहिल्या लेखात मी भटवाडीपर्यंतचे वर्णन उत्साहाने केले होते आणि पुढे एका वाक्यात उरकले होते : ‘येथून ओळखीच्या वाटेने गड गाठावा.’ चार महिन्यांनी एका वाचकाची प्रतिक्रिया आली. ते कुटुंबासह गेले होते, एका फाट्यावर चुकले, दीड तास भलत्याच दिशेने चालले आणि अंधार पडायच्या भीतीने गड न पाहता परतले. प्रतिक्रियेच्या शेवटी त्यांनी अत्यंत सभ्य भाषेत एकच प्रश्न विचारला होता : ‘ताई, ओळखीची म्हणजे कोणाच्या?’

त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. मी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर वाट होती. वाचकाच्या डोळ्यांसमोर कागद होता. पुढच्या हिवाळ्यात मी वही घेऊन पुन्हा त्या वाटेने गेले आणि प्रत्येक फाट्यावर थांबून दोन गोष्टी टिपल्या : बरोबर वळलो तर पुढच्या दहा मिनिटांत काय दिसेल, आणि चुकलो तर काय दिसेल. दुसरी नोंद करण्याचे मला आधी कधीच सुचले नव्हते. वाट सांगणारे सगळे जण बरोबर गेल्यावर काय होते तेच सांगतात. चुकलेल्या माणसाला आपण चुकलो हे कसे कळावे, हे कोणी सांगत नाही.

त्यानंतर वर्षभरातच संघाने गाईच्या दुधाच्या दरातील कपातीचे कोष्टक बदलले. ज्यांना या व्यवहाराची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते : गाईच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ, या गुणप्रतीला धरला जातो, आणि त्याखाली दर पॉइंटला, म्हणजे दशांशाच्या एका घराला, ठरावीक पैसे कापले जातात. गावोगावच्या प्राथमिक संस्थांना जायच्या परिपत्रकाचा मसुदा आला तो असा : ‘संचालक मंडळाच्या सभेतील ठरावान्वये गाय दूध खरेदी दराच्या एसएनएफ कपात कोष्टकात बदल करण्यात आला असून सदर बदल दिनांक ११ पासून अमलात येईल, याची सर्व संलग्न संस्थांनी नोंद घ्यावी.’ एकही शब्द चुकीचा नव्हता. पण मला त्यात ‘ओळखीची वाट’ स्पष्ट दिसली. कोष्टक सोबत जोडले होते, ते संस्थेच्या सचिवाला समजलेही असते. प्रश्न होता तो सकाळी सहा वाजता किटली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाचा, ज्याच्या हातात पुढे दहा दिवसांचे बिल पडणार आणि त्यातली रक्कम कमी दिसणार.

मी परवानगी घेऊन परिपत्रकाखाली, फलकावर लावता येईल अशी, स्वतंत्र सूचना लिहिली. तीत आधी तारीख होती : ११ तारखेच्या सकाळच्या दुधापासून, म्हणजे १ ते १० चे बिल जुन्याच दराने येईल. मग एक उदाहरण होते : ‘तुमच्या दुधाला ८.३ एसएनएफ लागला, तर तो दोन पॉइंट कमी आहे. दर पॉइंटला ३० पैसे, म्हणून लिटरमागे ६० पैसे कापले जातील. दहा लिटर दूध घातले तर त्या वेळचे सहा रुपये.’ आणि शेवटी रांगण्याच्या फाट्यावरून उचललेले वाक्य होते : ‘पावतीवर याहून वेगळी कपात दिसली तर ती चूक आहे, ती पावती फाडू नका, त्याच दिवशी सचिवांना दाखवा.’ दर बदलला की पुढच्या बिलाच्या वेळी आमचा दूरध्वनी दोन दिवस अखंड वाजतो, असा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. या वेळी तो वाजला, पण दुपारपर्यंत थांबला. एका संस्थेचे सचिव नंतर कामासाठी आले होते, ते म्हणाले, “मॅडम, या वक्ताला कुणी भांडाय आलं न्हाई बगा. आलं ते पावती घेऊनच आलं.” ब्लॉगवर मला इतकी मोठी पावती कधी मिळाली नव्हती.

घरातही हीच रीत चालते. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तीन प्रकारचे थेंब दिले गेले, त्यांपैकी एकाचे प्रमाण दर आठवड्याला कमी करत न्यायचे होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून तो हिशेब मला कळला, पण दिवसा घरी मी नसते; थेंब घालणार होते सासरे, ज्यांना इंग्रजी नावे वाचण्याचा कंटाळा आहे. मी भिंतीवर जो तक्ता लावला त्यात औषधांची नावे बारीक आणि टोपणांचे रंग मोठ्या अक्षरांत होते, आणि ‘एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घालायचे का?’ या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांना विचारून तळाशी लिहिले होते. सासूबाई तक्ता पाहून म्हणाल्या, “अगं, हे तर तुझ्या गडाच्या वाटेसारखंच झालं.” माझे लेख त्या वाचतात हे मला तेव्हा कळले.

आता लेखाच्या पत्त्याविषयी. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी जाणून घ्यावी. वर्डप्रेस लेखाच्या शीर्षकावरून त्याची लिंक तयार करते. शीर्षक देवनागरीत असेल तर लिंकच्या आतल्या रूपात प्रत्येक अक्षरचिन्हासाठी टक्क्याच्या खुणांसह नऊ वर्ण खर्ची पडतात. काना, मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. या भागाला दोनशे वर्णांची मर्यादा असल्यामुळे जेमतेम बावीस चिन्हांनंतर शीर्षक तुटते. ‘पन्हाळगडाच्या’ एवढ्या एकाच शब्दात तेरा चिन्हे होतात, तेव्हा पुढे काय उरते याची कल्पना करावी. शिवाय अशी लिंक कोणाला पाठवली की टक्क्याच्या खुणांची लांबच लांब माळ दिसते आणि समोरचा ती फसवणुकीची समजून उघडत नाही. यावर उपाय सोपा आहे : शीर्षक मराठीतच ठेवावे आणि लिंकचा भाग हाताने, रोमन लिपीत, तीन-चार शब्दांत लिहावा. मात्र हे तीन-चार शब्द निवडणे हाच मोठा व्यायाम आहे. आज कचेरीतल्या माझ्या संगणकावर ‘नवीन’, ‘नवीन फायनल’, ‘फायनल दुरुस्त’ अशा नावांची एकही फाइल नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यापुढे विषयाचे दोन शब्द, या क्रमामुळे फाइली आपोआप तारखेनुसार लागतात. लेखापरीक्षक येतात त्या आठवड्यात या सवयीचे मोल विशेष कळते.

वर्ग आणि टॅग यांतील फरकही असाच उशिरा उमगला. दोन वर्षांत माझ्या ब्लॉगवर त्रेचाळीस वर्ग झाले होते आणि त्यांपैकी एकोणतीस वर्गांत प्रत्येकी एकच लेख होता. वर्ग म्हणजे पुस्तकाच्या आरंभीची अनुक्रमणिका आणि टॅग म्हणजे शेवटची सूची, हे ध्यानात आल्यावर सहा वर्ग ठेवले आणि बाकीचे टॅग केले. यातली गंमत अशी की वर्डप्रेसमध्ये एक मूळचा वर्ग असतो. लेखकाने काहीच निवडले नाही तर लेख त्यात जातो आणि मूळचा म्हणून ठेवलेला वर्ग पुसता येत नाही. सरकारी आणि सहकारी कचेऱ्यांत याचाच थोरला भाऊ ‘संकीर्ण’ या नावाने कपाटात बसलेला असतो आणि सर्वांत जाड फाइल नेहमी त्याचीच असते. मी आमच्या विभागातली ‘संकीर्ण’ दोन शनिवार बसून फोडली. तीत सापडलेल्या कागदांपैकी एक विम्याचा होता आणि तो आम्ही दीड वर्ष शोधत होतो.

युनिकोडचा, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला संगणकात ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, लाभ खरे तर वर्डप्रेसचा नव्हे, पण त्याच्यामुळे झाला. त्या काळी कचेरीत सगळे टंकलेखन जुन्या फॉन्टांत होत असे. त्या फॉन्टांत आतून रोमन अक्षरेच साठवली जातात आणि वर देवनागरीचा मुखवटा असतो. तसा मजकूर वर्डप्रेसमध्ये चिकटवला की मुखवटा गळून पडतो आणि निरर्थक चिन्हांची रांग उमटते. नाइलाजाने मी युनिकोड मराठी टंकण्याचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकले. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला, ही मांडणी तीन आठवड्यांत बोटांत बसली. त्यानंतर विभागातली परिपत्रके युनिकोडमध्ये करण्याचा आग्रह मी धरला, तेव्हा ‘आहे ते चालले आहे की’ असे उत्तर मिळाले होते. पण एकदा ‘वासरू अनुदान’ हे दोन शब्द शोधून सहा वर्षांपूर्वीचे परिपत्रक अर्ध्या मिनिटात काढून दाखवले आणि विरोध संपला.

प्रतिक्रियांच्या नियंत्रणाचे जे नियम वर्डप्रेसमध्ये मुळात घातलेले असतात त्यांत मला माणसांविषयीची चांगली जाण दिसते. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याची प्रतिक्रिया मंजुरीसाठी थांबते. एकदा मंजूर झालेला माणूस पुढे मोकळेपणाने लिहू शकतो. दोन किंवा अधिक लिंका असलेली प्रतिक्रिया रोखली जाते. चौदा दिवसांपेक्षा जुन्या लेखांवरची चर्चा आपोआप बंद करण्याचीही सोय आहे, फक्त ती आपण सुरू करावी लागते. आमच्या अपार्टमेंटच्या गटाची जबाबदारी माझ्यावर आली तेव्हा मी हे तिन्ही नियम मराठीत उतरवले. नवीन भाडेकरूचे स्वागत आधी व्यक्तिशः केले जाते आणि मग त्यांना गटात घेतले जाते. नुसत्या पुढे ढकललेल्या लिंका रोखल्या जातात. आणि दोन आठवड्यांपूर्वीचा वाद उकरून काढायचा असेल तर तो बैठकीच्या विषयपत्रिकेवर घालावा लागतो. लिफ्टच्या देखभाल-खर्चावरून तळमजल्यावरचे काका आणि चौथ्या मजल्यावरच्या वहिनी यांच्यात जे तीन वर्षे चालले होते ते या तिसऱ्या नियमाने गटातून तरी संपले. जिन्यात अजून चालते, पण तिथे मला अधिकार नाहीत.

याच अनुषंगाने मसुद्याची सवय सांगायला हवी. वर्डप्रेसमध्ये लिहिलेले आधी मसुदा म्हणून राहते, पूर्वावलोकन करता येते, आणि प्रसिद्ध करण्यासाठी वेगळी कळ दाबावी लागते. रागाच्या भरात लिहिलेला लेख रात्रभर मसुद्यात ठेवून सकाळी वाचल्यावर त्यातला निम्मा मजकूर आपोआप गळतो, हे मी अनेकदा अनुभवले आहे. कचेरीतली कडक उत्तरे मी आता प्राप्तकर्त्याचा पत्ता न घालता लिहिते आणि तशीच ठेवून घरी जाते.

जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय हिशेबाच्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही, कारण आमच्या धंद्यात खोडरबर निषिद्धच आहे. चुकीच्या आकड्यावर रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. वर्डप्रेस तेच करते आणि दोन आवृत्त्या शेजारी मांडून काय गेले, काय आले ते रंगाने दाखवते. त्यात माझी एक खोड मला कळली : जवळजवळ प्रत्येक लेखात मी पहिला परिच्छेद शेवटी कापत होते. आता तो लिहितच नाही.

पण आवृत्त्या म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, हे शिकायला मला तीन महिन्यांचे लेखन गमवावे लागले. पूर्वी ज्या होस्टिंग कंपनीकडे माझे खाते होते तिचा सर्व्हर एका पावसाळ्यात बंद पडला, आणि ज्या बॅकअपचे आश्वासन होते तो त्याच यंत्रावर असल्याचे नंतर समजले. माझे काही लेख ई-मेलने मागवणाऱ्या वाचकांनी आपापल्या पेटीतून परत पाठवले म्हणून वाचले. तेव्हापासून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक निराळ्या जागी, हा जाणकारांचा नियम मी पाळते. कचेरीत पाहिले तर हिशेबाच्या बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच संगणकाच्या खालच्या खणात होता. कोल्हापूरला पुराचे पाणी कुठवर येते हे ठाऊक असलेल्या माणसांना याहून अधिक समजावण्याची गरज पडली नाही. पेनड्राइव्ह आता रोज संध्याकाळी दुसऱ्या इमारतीत आणि दुसऱ्या मजल्यावर जातो.

उणिवाही नोंदवायला हव्यात. ठरावीक वेळी लेख प्रसिद्ध करण्याची सोय वर्डप्रेसमध्ये आहे, पण मुळच्या रचनेत तिचे घड्याळ कोणीतरी संकेतस्थळाला भेट दिली तरच चालते. वाचक कमी असलेल्या ब्लॉगवर पहाटे सहाचा लेख पहिला पाहुणा येईपर्यंत तसाच पडून राहू शकतो. अर्ज विचारायला कोणी आले तरच फाइल हलते, ही व्यवस्था आमच्याकडेही असल्यामुळे मला आश्चर्य वाटले नाही. पण ज्यांना वेळेचे बंधन आहे त्यांनी सर्व्हरवरूनच ठरावीक वेळी चालना देण्याची सोय करून घ्यावी. डिसेंबर २०१८ मधील ५.० आवृत्तीपासून आलेला ठोकळ्यांचा संपादक मला अजूनही अर्धाच आवडतो. प्रत्येक परिच्छेद स्वतंत्र ठोकळा होतो आणि वर-खाली सरकवता येतो, यामुळे रचना सुधारते हे खरे. पण लांब दमाचे, एकातून दुसरे उलगडत जाणारे लेखन करताना हाताशी कोणी सारखे पाट मांडून देत आहे असे वाटते.

याहून गंभीर तक्रार माझी माझ्याविषयीच आहे. वाचकसंख्येचे आलेख दाखवणारे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायची पूरक प्रणाली, मी बसवले आणि दोन वर्षे त्याच्या नादी लागले. कोणत्या शीर्षकाला अधिक वाचक येतात ते पाहून मी ‘हे तुम्हाला ठाऊक आहे का?’ छापाची शीर्षके देऊ लागले, आणि ती खोड नकळत कचेरीत शिरली. ‘मार्चच्या वसुलीबाबत एक महत्त्वाची गोष्ट’ असा विषय लिहिलेल्या माझ्या ई-मेलवर साहेबांचे दोन शब्दांचे उत्तर आले : ‘कोणती गोष्ट?’ विषयाच्या ओळीत गोष्टच लिहायची असते, हे मी सारांशाच्या चौकटीतून शिकले होते आणि आलेखाच्या पायी विसरले होते. ते प्लगइन काढून टाकले. लेखनाला सतत पैलू पाडण्याच्या सवयीचाही असाच तोटा आहे. एका नातेवाइकांच्या निधनानंतर मी मामींना पाठवलेला संदेश वाचून यजमान म्हणाले, “छान लिहिलंयस, पण हा लेख झाला. त्यांना फोन कर.” मी केला.

ज्यांना वापरून पाहायचे आहे त्यांना माझा सल्ला असा की, पहिले वर्ष वर्डप्रेस डॉट कॉमवरील मोफत खात्यात काढावे; सर्व्हर, अद्ययावतीकरण आणि बॅकअप यांची काळजी घेण्याइतके लेखन आपल्या हातून होते का, ते तेवढ्यात कळते. मिळकतीच्या आशेने येणाऱ्यांनी येऊ नये असे मी म्हणणार नाही, पण माझ्या खतावणीत त्या बाजूला शून्य आहे. ज्यांच्या नोकरीत रोज चार ओळी तरी दुसऱ्यासाठी लिहाव्या लागतात, मग ते ग्रामसेवक असोत, शाळेतले लिपिक असोत की दुकानाचे व्यवस्थापक, त्यांनी मात्र महिन्याला दोन लेख या हिशेबाने वर्षभर हे करून पाहावे. विषय कोणताही चालेल, फक्त तो असा असावा की वाचकाला त्यावरून कुठेतरी जावे लागेल किंवा काहीतरी करावे लागेल. खाते उघडल्यावर पहिल्या तासाभरात तीन कामे उरकून घ्यावीत : मूळच्या वर्गाला स्वतःच्या विषयाचे नाव द्यावे, लेखाची लिंक हाताने रोमन लिपीत लिहिण्याची सवय लावावी, आणि पहिल्या लेखाची सारांशाची चौकट लेख लिहिण्यापूर्वी भरावी. मी गेल्या दिवाळीत एकदम तीन वर्षांचे शुल्क भरले आहे. रांगण्याच्या लेखात यंदा दोन फाटे नव्याने दुरुस्त करायचे आहेत. त्यांपैकी एका फाट्यावरचे खुणेचे झाड पडले, असे परवा एका वाचकाने कळवले.